सोंडेखालच्या रेघा

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी "कॅमेऱ्याचं" एवढंच सांगते. त्यामुळे अर्ध्याअधिक नातेवाइकांना वाटतं की मी लग्नांचे फोटो काढते. मी ते दुरुस्त करत नाही. दुरुस्त करायला गेलं की आणखी बोलावं लागतं.

आमची पुण्यातली छोटी कंपनी थ्री-डी कॅमेरे बनवते. साधा कॅमेरा समोरच्या वस्तूचा रंग टिपतो, आमचा कॅमेरा वस्तूचा प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते टिपतो. गोदामात खोकी मोजायला, कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारे भाग तपासायला तो लागतो. खोक्याला चेहरा नसतो, म्हणून चित्र जरा धूसर आलं तरी कुणाची तक्रार नसते. महिन्यातून एकदा मी पुण्याला जाते, बाकी काम रोह्याच्या घरातून करते. बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला असतात. घरात कुणी ना कुणी कायम झोपलेलं असतं, त्यामुळे हळू बोलायची सवय मला लहानपणापासून आहे.

पेणच्या मामीला मात्र माझं काम नीट कळलं होतं. मामा गेल्यावर गणपतीचा कारखाना तीच चालवते. त्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. फोनवर ती कधी "कशी आहेस" वगैरे विचारत नाही.

"तुझा तो कॅमेरा वस्तूचा आकार काढतो ना गो?"

"हो."

"मग मामाच्या मूर्तीचा काढशील?"

ती कुठल्या मूर्तीबद्दल बोलते आहे ते मला विचारावं लागलं नाही. मामाने शेवटी शेवटी शाडूत एक गणपती घडवला होता, हातभर उंचीचा, मांडी घालून बसलेला. तो विकायला नव्हता. ते मॉडेल होतं, म्हणजे ज्याच्यावरून साचा करायचा ती मूळ मूर्ती. साचा करायच्या आधीच मामा गेला. मॉडेल कारखान्यातल्या मागच्या फळीवर जुन्या साडीने झाकून ठेवलेलं होतं.

पेणमध्ये साचा करताना मॉडेलचा जीव गेला तरी कुणाला वाईट वाटत नाही. त्याच्यावर रबर चढवायचं, रबर सुटून आलं की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती निघतात. मागे उरलेली माती मोडली तर मोडली, पाण्यात टाकून पुन्हा मळायची. मामाने सगळी मॉडेलं अशीच मोडली होती. पण हे एक मोडायला मामी तयार नव्हती. शाडू कच्चाच असतो, वाळून त्याला मानेपाशी तडा गेला होता. रबर ओढताना मुंडकं त्याच्याबरोबर येणार, हे ती धरून चालली होती. आणि साचा केलाच नाही, तर मामाने घडवलेला हा चेहरा कारखान्यातून कधी बाहेर पडणार नव्हता. आकार टिपून त्याची प्लॅस्टिकची प्रत छापायची आणि साचा त्या प्रतीवर करायचा, हे तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. ठाण्यात असं करून देणारे लोक आहेत, असं मी सांगितलं.

"मूर्ती घेऊन हायवेच्या खड्ड्यांतून जाऊ व्हय?" ती म्हणाली. "तूच ये."

मी एसटीने गेले, कॅमेरा मांडीवर घेऊन.

लहानपणी मे महिन्यात मी पेणला राहायला जायचे. मामा मला बोलायला लावत नसे. बाकी सगळे "शाळेत काय शिकवतात ते इंग्रजीत बोलून दाखव" म्हणायचे. मामा फक्त बसायला पाट द्यायचा आणि मातीचा एक गोळा. त्या कारखान्याचा वास मला अजून कळतो: ओली माती, काथ्या, रंग आणि चहा. त्या दिवशीही तोच होता. हंगामाची सुरुवात होती. पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगा दारापर्यंत आल्या होत्या.

मामीने साडी बाजूला केली. मूर्ती कोरडी, राखी आणि अगदी बिनचमक होती. आमच्या कॅमेऱ्याला असाच पृष्ठभाग आवडतो. ती फिरत्या पाटावर ठेवून मी चारही बाजूंनी टिपली. तासाभरात लॅपटॉपवर चित्र तयार झालं आणि मी ते मामीसमोर धरलं.

मामीने पडद्याजवळ तोंड नेलं. गणपतीच होता तो, सोंड होती, पोट होतं, हातातला मोदकही होता. पण सगळं कसं, दहा दिवस वापरलेल्या साबणावरच्या नक्षीसारखं झालं होतं. डोळ्यांच्या पापण्यांच्या जागी नुसता उंचवटा होता.

"छान हाय," मामी म्हणाली. मग तिने पडद्यावर सोंड वळते तिथे बोट ठेवलं. "इथं रेघा हायत ना?"

मूर्तीवर त्या होत्या. सोंडेच्या वळणाखाली मामा अंगठ्याच्या नखाने तीन बारीक रेघा ओढायचा. पेणमध्ये दुसरं कुणी तशा काढत नाही. बाकीच्यांच्या मूर्तींना तिथे कोरून केलेल्या जाड वळ्या असतात. लॅपटॉपवरच्या मूर्तीत तिथे काहीच नव्हतं.

"मग हा कुणाचाही असू शकतो," मामी म्हणाली. रागाने नाही. साडी परत मूर्तीवर टाकता टाकता म्हणाली.

मी "बघते" म्हटलं आणि रोह्याला परत आले.

कॅमेरा ते का करतो हे मला माहीत होतं. त्याच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे वस्तूवरचा एक छोटा चौकोन. त्या चौकोनात जे काही चढउतार असतील, त्यांची सरासरी काढून कॅमेरा एकच अंतर सांगतो. नखाची रेघ चौकोनापेक्षा बारीक असली की सरासरीत बुडून जाते. आणखी जवळून टिपायचं तर एका ठरावीक अंतराच्या आत आमच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. महागडा, बारीक चौकोनांचा कॅमेरा कंपनीत नव्हता.

यावर एक उपाय पूर्वीपासून आहे, मी शोधलेला नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची जाळी आहे. जाळीच्या अगदी मागे उभं राहून बाहेर बघितलं तर फाटकावरची कडी नीट दिसत नाही, जाळीच्या तारा मध्ये येतात. मान जरा इकडेतिकडे हलवत राहिलं की कडी दिसायला लागते. एका जागेवरून तारेमागे लपलेलं दुसऱ्या जागेवरून भोकातून दिसतं, आणि डोक्यात दोन्हींचं मिळून एक चित्र होतं. कॅमेऱ्याचंही तसंच. तो केसभर सरकवायचा आणि पुन्हा टिपायचं, पुन्हा सरकवायचा, पुन्हा टिपायचं. दर वेळी चौकोन रेघेवर वेगळ्या ठिकाणी पडतात. कशात रेघेचा काठ येतो, कशात तळ. ही सगळी धूसर चित्रं एकमेकांवर नीट बसवली तर त्यांतून मूळ चौकोनांपेक्षा बारीक चित्र गणिताने काढता येतं.

सांगायला हे सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा चित्रं एकमेकांवर बसेनात. आईचा लाकडी मोदकाचा साचा समोर ठेवून मी सराव करत होते. आमचं घर रस्त्याला लागून आहे आणि धाटावच्या बस, टँकर दारावरून जातात. एकेक गेला की टेबल थरथरायचं. कॅमेरा मी सरकवला त्यापेक्षा जास्त किंवा कमी सरकायचा. मी टेबलाच्या पायांखाली जुन्या चपला घातल्या. मग कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवून पाहिला. आई दोन दिवस गप्प होती.

"आज भाकऱ्या करायच्या का फोटोच खायचे?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

शेवटी पुण्याच्या आमच्या सीनियरना फोन केला. मी फोन टाळते, मेसेज लिहिते, पण या वेळी केला. थरथर कशी थांबवू, असं विचारलं.

"थांबवतेस कशाला? हलू दे," ते म्हणाले. "हलायलाच हवंय ना तुला? फक्त किती हललं ते चित्रांतूनच काढ. सांगितलं तेवढंच हलेल असं धरून बसू नकोस."

मग मी प्रोग्रॅम त्या बाजूने लिहिला. आधी प्रत्येक चित्र पहिल्या चित्राच्या मानाने किती सरकलंय ते शोधायचं, मग बसवायचं. टँकर जात राहिले. मोदकाच्या साच्यातल्या पाकळ्या हळूहळू वर आल्या. एका पाकळीवर कोयत्याची खूण होती, ती आधीच्या चित्रात दिसली नव्हती. आईला दाखवली तर म्हणाली, "ती तुझ्या आजीची. नारळ फोडताना लागलेली." आणि पीठ काढायला डबा घेऊन गेली.

मी मामीला कळवलं की पुढच्या आठवड्यात येते.

तोवर श्रावण लागला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आत गेले तर मामी नेहमीच्या जागी नव्हती. मागच्या फळीपाशी स्टुलावर बसली होती. फळीवर साडी नव्हती. मूर्ती होती, पण राखी नव्हती. अंगाला गुलाबी रंग, पितांबराला पिवळा, मुकुटाला सोनेरी. आणि डोळे काढलेले होते. काळे, पाणीदार, वर वॉर्निशचा हात मारलेला. ते थेट माझ्याकडे बघत होते.

शेजारी आखणीवाल्या काकू उभ्या होत्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मामाच्या काळापासून या कारखान्यातले सगळे डोळे काकूंच्या हातचे. मामी दोन दिवस मुंबईला मूर्ती पोचवायला गेली होती. मी येणार हे काकूंना माहीत होतं. कारखान्याचा अल्बम करतात तेव्हा मूर्ती पूर्ण रंगवून, डोळे काढून, वॉर्निश मारूनच फोटोला ठेवतात, अर्धवट मूर्तीचा फोटो कुणी काढत नाही. काकूंनी मामाच्या मूर्तीची तीच तयारी केली होती. हाताशी इतकं काम असताना जेवणाच्या सुट्टीत बसून.

"शेवटची त्यांची," काकू मला म्हणाल्या. "ती काय आंधळी दाखवायची लोकांना?"

काकूंना मामी कधी रागवत नाही, वयाने त्या मोठ्या आहेत. माझ्याकडे वळून म्हणाली, "मातीवर त्यांच्या बोटांचे ठसे होते गो. आता रंगाखाली गेले."

आणखी एक गोष्ट होती. दुसरे कारखानदार उरलेल्या मूर्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवतात. मामाचा नियम वेगळा होता. डोळे काढलेली मूर्ती तो चतुर्थीनंतर कारखान्यात ठेवत नसे. कुणी नेली नाही तर ती स्वतःच्या घरी बसवायची, पुजायची आणि विसर्जन करायचं. डोळे उघडले की तिला फळीवर झाकून ठेवायचं नाही. काकूंनाही नियम ठाऊक होता. रंगवायच्या भरात तो आठवला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आत्ता कळत होतं.

"आता हा चतुर्थीला घरी बसणार नि जाणार," मामी म्हणाली. "तुझ्या कॅमेऱ्यात आला तर आला. नाय तर गेला."

मी कॅमेरा लावला. पहिलं चित्र आलं आणि जे वाटलं होतं तेच झालं. आमचा कॅमेरा वस्तूवर न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके टाकतो आणि ते कुठे पडले ते बघतो. चकचकीत जागी ठिपके भलतीकडे उडतात. मुकुटात भोकं होती, आणि दोन डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

"काय झालं?" मामीने विचारलं.

मला मराठीत चटकन शब्द सापडेना. "चमक... चमकेमुळे दिसत नाही. वर पावडर लावावी लागेल. साधी, चेहऱ्याला लावतो ती. नंतर ब्रशने निघते."

"डोळ्यांना?" काकू म्हणाल्या.

"डोळ्यांनाच जास्त."

"उघड्या डोळ्यांत पावडर घालतात व्हय? कुणाच्या घरची रीत ही?"

"इंग्रजी शाळेतली," मामी म्हणाली. "तिथं जीभ ठेवून आली ना आमची पोर, बदल्यात ही रीत आणली." मग ती उठली. कोनाड्यातून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि रंगकामाचा सगळ्यांत मऊ ब्रश घेतला. मूर्तीसमोर उभी राहून तिने हात जोडले. ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत. मग पापण्यांवर, बुबुळांवर, सोंडेवर तिने स्वतः पावडर धरली. इतकी पातळ की रंग खालून दिसत राहिला. काकू दुसरीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण डबा त्यांनीच हातात धरला होता.

मी टिपायला लागले. सरकवायचं, टिपायचं. बाहेर मूर्ती न्यायला आलेले टेम्पो उभे होते, एकाचं इंजिन चालूच होतं. फरशी थरथरत होती. हलू दे, असं मी मनात म्हणत होते. मान, मुकुट, पाठ, कान, आणि चेहरा सर्वांत जास्त वेळा. मग सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी लॅपटॉपला हिशेब करायला लावला आणि मामीने वाढलेलं वांग्याचं कालवण खाल्लं. काय खाते आहे याकडे लक्ष नव्हतं.

चित्र तयार झालं तेव्हा मी आधी एकटीने पाहिलं. मग मामीला हाक मारली. काकू न बोलावता आल्या.

आमच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. त्याला फक्त आकार कळतो. हे मला रोज माहीत असतं, पण त्या दोघींच्या मध्ये उभी राहून बघताना मलाही ते नवीन वाटलं. पडद्यावर गुलाबी नव्हता, सोनेरी नव्हता, काढलेले डोळे नव्हते. राखाडी मूर्ती होती, रंग लागण्याआधीची. खालची पापणी मामा करायचा तशी जराशी ओघळलेली. कानामागे दाबलेल्या अंगठ्याची खळगी. ठशांच्या बारीक रेषा नव्हत्या, तेवढं कॅमेऱ्याला जमलं नव्हतं आणि रंगाखालून ते जमणारही नव्हतं. मी मूर्ती फिरवून सोंडेचं वळण मोठं केलं. तिथे तीन रेघा होत्या. मधली इतर दोन्हींपेक्षा जरा लांब.

मामीने पडद्यावर बोट ठेवलं नाही. पदराने हात पुसले.

"माझे डोळे कुठं गेले?" काकू म्हणाल्या.

"ते दिसत नाहीत याच्यात," मी म्हटलं.

काकू जवळ वाकल्या. "मग बरंच झालं," त्या म्हणाल्या, आणि मूर्तीवरची पावडर झाडायला घेतली.

चतुर्थीला मूर्ती मामीच्या घरी बसली. आम्ही रोह्याहून गेलो होतो. मूर्तीच्या मानेवरचा तडा काकूंनी रंगात इतका मिळवला होता की शोधून सापडला नसता. दीड दिवसाने मामीने ती स्वतः नदीवर नेली. शाडू पाण्यात लगेच विरघळत नाही, आधी कडा मऊ होतात. मामी तिथे थांबली नाही. पाट उचलला, पाटावर थोडी वाळू घेतली आणि घरी आली. रस्त्यात तिने मला एकदाच विचारलं, "ते नीट ठेवलंयस ना?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर चित्राची आणखी एक प्रत करून ठेवली.

प्लॅस्टिकची मूर्ती छापून यायला दिवाळी उजाडली. पांढरी, हलकी, जवळून पाहिलं तर अंगभर थरांच्या बारीक रेषा होत्या. त्या घासून काढाव्या लागतात. कारखान्यातल्या बायका पॉलिश पेपर घेऊन सरसावल्या, तर मामीने सगळ्यांना लांब केलं. घासताना नखाच्या रेघा गेल्या असत्या. स्वतः दारात उजेडाला बसून तिने दोन दुपारी ती घासली. सोंडेखाली घासायला तिने पॉलिश पेपरची सुरळी केली होती, अगदी काडीएवढी.

मी शेजारी पाटावर होते. घासता घासता तिचा हात डाव्या डोळ्यापाशी थांबला. खालच्या पापणीच्या कडेला एक थेंब होता. बारीक, गोल, ओघळता ओघळता थांबलेला. मी लॅपटॉप उघडून चित्र मोठं करून पाहिलं, थेंब मातीला न येणारा इतका गुळगुळीत होता. काकूंनी मारलेल्या वॉर्निशचा तो थेंब होता, तिथेच सुकलेला. मी चित्रात इतके दिवस पाहत होते, पण मला तो मातीचाच वाटला होता.

"हा चित्रातून काढता येईल," मी म्हटलं. "पण परत छापायला पाठवावं लागेल."

"काय हाय ते?" आतून काकूंनी विचारलं आणि चष्मा लावत बाहेर आल्या. वाकून बघितलं. "हा तर माझा."

"व्हय, तुमचाच," मामी म्हणाली. "तुमचे डोळे गेले नि हा तेवढा राहिला."

"राहू दे मग."

"साच्यात गेला की दर गणपतीला येईल. घरोघरी गणपती रडताना बसवायचे?" मामीने पत्र्याचं पातं घेतलं. एका हाताने मूर्तीची हनुवटी धरली आणि पात्याच्या टोकाने थेंब खरवडला. पांढरा चुरा तिच्या बोटावर आला. तिने फुंकर मारली, पापणीवरून अंगठा फिरवला, मग सोंडेखाली. तिथे अंगठा थोडा थांबला.

"घ्या," ती काकूंना म्हणाली, आणि मूर्ती त्यांच्या हातात दिली. "रबराचं सामान काढा. आणि याला रंग लावायचा नाय हां."

"नाय लावत गो," काकू म्हणाल्या. "पहिली मूर्ती निघाली की मग लावते."